बाहेरच्या बाया

लिबोरियोला दिसत नाही, म्हणून मी वाचते.
महिन्याला सातशे युरो: आंघोळ, गोळ्या, सूप,
आणि रात्री तासभर पुस्तक.
पुस्तक करारात नव्हतं. ते आपसूक शिरलं,
ह्या डोंगरावरच्या गावात गुडघ्यात गारठा शिरतो तसं.

तीन पुस्तकं आहेत घरात. चौथं टेलिफोनचं.
पाठीचा डिंक सुटलेला, पानांना गंधकाचा वास.
तो म्हणतो, वास पानांना नाही, माझ्या हातांना.
नवव्या वर्षी खाणीत उतरला होता,
टोपली पाठीवर घेऊन
अजून वर येतोच आहे.

माझी इटालियन ठेचकाळते.
भिंतीवर बोट आपटून तो आघात दुरुस्त करतो.

पहिलं पुस्तक गुलामांचं.
इथंच, ह्या कड्याखालच्या गव्हात,
कपाळावर डाग दिलेली माणसं,
सीरियाहून आणलेली, रात्री साखळीत.
त्यातला एकजण अक्रोडाच्या टरफलात निखारा लपवून
बोलता बोलता ठिणग्या काढायचा.
मालक त्याला जेवणाच्या वेळी बोलावून हसायचे:
राजा झालास की आम्हाला विसरू नकोस हं!
आणि तो खरंच राजा झाला.
ज्यांनी थट्टेत का होईना ताटातला घास दिला होता
त्यांना त्यानं जगू दिलं.
'पुन्हा वाच,' लिबोरियो म्हणतो.
मी पुन्हा वाचते.
'आणि बाकीच्यांचं?'
बाकीच्यांचं एका ओळीत आहे.

दुसरं धर्मन्यायालयाचं. कारकुनाची भाषा, चुन्यासारखी कोरडी.
ऑर्सोला, कोळ्याची बायको, वय तीसच्या आसपास, सांगते की
गुरुवारी रात्री बाहेरच्या बाया येतात,
अंगानं मऊ, पायांच्या जागी मांजराचे पंजे,
तिला उचलून नेतात, पंगतीला बसवतात.
पाव, मध, वाईन, कुणीतरी वाजवतंय.
सकाळी उठावं तर पोटात काहीच नाही.
सैतान होता का तिथं?
कोण तो?
पुढच्या चौकशीत: सैतान होता का?
होता.
दोन्हींच्या मध्ये अर्धं पान कोरं.
मी थांबते. कोऱ्या जागेचं काय वाचणार?
'वाच की,' तो म्हणतो, 'तिथं दोरी आहे.'

तिसरं गोष्टींचं. त्यात ह्याच बाया
पाळण्यातल्या पोराच्या केसांची जट वळतात,
आणि ती जट कापायची नसते.
त्याची आई गुरुवारी दार किलकिलं ठेवायची,
उंबऱ्यावर बशीत मध.
'बाहेरच्या म्हणू नये,' तो आवाज खाली आणतो,
'बायजी म्हणावं. ऐकत असतात.'

खालची दुकानवाली, नेरीना, मला बाहेरची म्हणते.
तशी वाईट नाही. कालचा पाव फुकट देते.
सुचावाहून बसनं दोन दिवस, त्याला आता अकरा वर्षं झाली.
मी माझ्या पावलांकडे बघते.
डाव्या मोज्याला भोक आहे, एवढंच.

काल तो म्हणाला, अक्रोड आण.
विणायच्या सुईनं दोन्हीकडून भोकं पाडली,
आत कापूस, शेगडीतला रत्तीभर निखारा.
नव्वदीचा माणूस! आणि तोरिनोहून लेकीचा फोन
वाजतोय, वाजतोय.
आधी मी, असं म्हणून मी टरफल दातांत धरलं.
जीभ पोळली. डोळ्यांतून पाणी.
मग फुंकलं, आणि एक ठिणगी निघाली,
टेबलक्लॉथवर पडली, मसुराएवढं जळलं.

'निघाली?'
'निघाली.'
'किती?'
'पुष्कळ,' मी म्हटलं. खोटं.
तो हात पुढे करून हवेत धग चाचपत राहिला.
'आणि बोललीस काय?'
काय बोलणार, तोंडात टरफल होतं.

आज गुरुवार. नेरीनाकडून मध आणलाय, उधारीवर.
लेक रविवारी येणार, म्हणून
टेबलक्लॉथ फिरवून घातला,
जळकी बाजू भिंतीकडे.